रायरेश्वराचें पठार व रोहिडखोरें : स्थळ, वस्ती आणि कागद

रायरेश्वर हें नांव मराठी शाळेंत शिकलेल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु त्या नांवाच्या पठारावर आजही माणसें राहतात, जमीन कसतात आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांत काढतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. इतिहासाच्या पुस्तकांत हें स्थळ एका शपथेपुरतें येतें, आणि शपथ संपतांच तें पुस्तकांतून नाहींसें होतें. प्रस्तुत लेखाचा हेतु दुहेरी आहे. पहिला, हें पठार व त्याच्या पायथ्याचें रोहिडखोरें यांची स्थितिगति थोडक्यांत नमूद करणें. व दुसरा, शपथेच्या प्रसंगाविषयीं कागद काय सांगतात, स्थळ काय सांगतें आणि लोकांची परंपरा काय सांगते, हीं तीन माणें वेगवेगळीं मोजून पाहणें. तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळें या विषयांत बराच घोंटाळा माजला आहे.

१. स्थळ

पुण्याच्या मार्केट यार्डापासून साताऱ्याच्या सडकेस लागावें, कात्रजचा घाट उतरावा आणि खेड-शिवापुरावरून कापूरहोळास यावें. तेथून उजवीकडे भोरची वाट फुटते. भोराहून आंबवडें मागें टाकून कोर्ल्याच्या रोखानें गेलें म्हणजे समोर जी लांबट, सपाट माथ्याची भिंत आडवी दिसते तेंच रायरेश्वराचें पठार. याची उंची समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. पूर्वेस एका खिंडीपलीकडे केंजळगड उभा आहे; पश्चिमेस नाखिंद्याचें टोंक आहे. हवा स्वच्छ असतां उत्तरेस राजगड व तोरणा, आणि दक्षिणेच्या अंगास पांडवगड व कमळगड नजरेंत भरतात.

या पठाराचें खरें महत्त्व त्याच्या पाणलोटांत आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस नीरेच्या खोऱ्यांत, म्हणजे रोहिडखोऱ्यांत उतरतो. दक्षिणेच्या उतारावरचा पाऊस वाईच्या बाजूस कृष्णेच्या खोऱ्यांत जातो. नीरा पुढें नरसिंहपुराजवळ भीमेस मिळते, व भीमा रायचुराजवळ कृष्णेस मिळते. म्हणजे या एका माथ्यावर विभागलेलें पाणी शेंकडों मैलांचा फेरा घेऊन पुन्हां एकत्र येतें. परंतु राजकारणाच्या दृष्टीनें हे दोन उतार पुष्कळ काळ एकमेकांस परके होते. तो विचार पुढें येईल.

वर जाण्याच्या वाटांचीं नांवें हीं स्वतःच एक लहानसें दप्तर आहे. कड्यामधील घळीस इकडे दरा म्हणतात. गायदरा या नांवावरून गुरें चढण्याजोगी वाट सूचित होते. वाघदरा रानाची आठवण देतो. आणि निसणी म्हणजे शिडी, तेव्हां निसणीच्या वाटेचें स्वरूप निराळें सांगावयास नको. आज कोर्ल्याकडून व वाईच्या बाजूच्या खावलीकडून येणाऱ्या सडका केंजळगड व रायरेश्वर यांमधील खिंडीपर्यंत पोहोंचल्या आहेत. खिंडीपासून मात्र शेवटचा टप्पा पायऱ्यांनीं व कड्यास लावलेल्या लोखंडी शिडीनेंच चढावा लागतो. गाडी खिंडींत थांबते. पुढें माणसाचे पाय व माणसाची पाठ.

२. वस्ती व निर्वाह

पठारावरील वस्ती थोड्या घरांची असून ती मुख्यतः जंगम कुटुंबांची आहे. रायरेश्वराची पूजाअर्चा त्यांजकडे आहे, आणि शेतीही तींच करतात. जंगम हे वीरशैव परंपरेंतील पुरोहित. पायथ्याच्या खोऱ्यांत देशमुखी, देशपांडेपणा व पाटिलकी यांचीं भांडणें पिढ्यान् पिढ्या चाललीं. डोंगरमाथ्यावर मात्र देवाच्या सेवेकऱ्यांची वस्ती टिकली.

देवळाकडे जातां वाटेंत गोमुखाचें पाणी लागतें. एवढ्या उंचीवर बारमाही राहणें ज्या पाण्यामुळें शक्य होतें, त्यांतील हें एक मुख्य ठिकाण होय. पठाराच्या पश्चिम भागांत निरनिराळ्या रंगांच्या मातीचे थर उघडे पडलेले आहेत. लोक त्यांस सात रंगांची माती म्हणतात. जांभ्या दगडाच्या झिजेनें व त्यांतील लोहाच्या कमीअधिक प्रमाणानें असे रंग येतात. पावसाळ्यांत नाचणी, वरी यांसारखीं डोंगरी धान्यें होतात. परंतु येथील विशेष म्हणजे थंडीच्या दिवसांतील गहू. खालीं मावळांत भाताचीं खाचरें व वर गव्हाचीं शेतें, असा उलटा प्रकार पाहून नवख्यास आश्चर्य वाटतें. सपाट माथा, ओलावा धरणारी माती व हिवाळ्यांतील गारवा हीं त्याचीं कारणें होत.

अलीकडच्या वर्षांत येथील शेतकऱ्यांनीं नांगरटीसाठीं एक ट्रॅक्टर विकत घेतला. तो सुटा करून त्याचे भाग खांद्यावरून कडा चढवून वर नेले व माथ्यावर पुन्हां जोडले. ही बातमी वर्तमानपत्रांत कौतुकानें छापून आली. इतिहासाच्या अभ्यासकानें तिच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें. सतराव्या शतकांत या माथ्यावर जें कांहीं आलें, तें धान्य असो, देवळाचा घडीव दगड असो कीं एखाद्या सरदाराचा लवाजमा असो, तें याच रीतीनें आलें असलें पाहिजे. वाटेचा हा शेवटचा टप्पा अद्याप बदललेला नाहीं.

३. खोऱ्यांतील वतनदार व त्यांचीं दप्तरें

पठारावर कागद नाहीं असें म्हटलें तरी चालेल. कागद आहे तो पायथ्यास. रोहिडखोऱ्यास नांव देणारा रोहिडा किल्ला, ज्यास विचित्रगड असेंही म्हणतात, तो भोराच्या दक्षिणेस आहे. खोऱ्यांत कारीचे जेधे व उत्रवळीचे खोपडे हीं देशमुखांचीं घराणीं. शेजारीं हिरडस मावळांत बांदल. खोऱ्याचें देशपांडेपण प्रभु घराण्याकडे होतें. पुढें छत्रपति राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत शंकराजी नारायण यांजकडे सचिवपद आलें, आणि त्यांच्या वंशजांनीं भोर येथें जें संस्थान चालविलें तें ८ मार्च १९४८ रोजीं विलीन झालें. शंकराजी नारायणांची समाधि आंबवड्यास आहे. त्याच गांवीं ओढ्यावर सन १९३६ मध्यें पंतसचिवांनीं बांधलेला झुलता पूलही आहे.

या खोऱ्याच्या कागदांनीं महाराष्ट्राच्या इतिहासावर केवढा उपकार केला आहे, हें एका उदाहरणानें कळेल. कारी हें गांव रायरेश्वराच्या पायथ्याशीं आहे. तेथील जेध्यांच्या घरांत निघालेली शकावली लोकमान्य टिळकांनीं सन १९१६ मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तांतून प्रसिद्ध केली. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घडामोडींच्या या त्रोटक नोंदींत शिवाजीमहाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा दिला आहे. तोंपर्यंत रूढ असलेल्या मितीहून ही मिती निराळी होती. तिच्यावर दीर्घकाल वाद चालला व अखेरीस १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख सर्वमान्य झाली. एका डोंगरी गांवच्या वाड्यांत कोणीं जपून ठेवलेले चार बंद नसते, तर हा निर्णय झाला नसता.

त्याच घराण्याचा करीना हा दुसरा मोलाचा कागद. शहाजीराजे सन १६४८ मध्यें जिंजीपाशीं कैद झाले, तेव्हां कान्होजी नाईक जेधे त्यांजबरोबर होते. सन १६४९ मध्यें सुटका झाल्यावर शहाजीराजांनीं कान्होजींस शिवाजीराजांकडे पाठविलें. पुढें १६५९ मध्यें अफझलखान चालून आला, तेव्हां विजापूरचा हुकूम डावलून, वतनावर पाणी सोडून, कान्होजी आपल्या पुत्रांसह महाराजांच्या बाजूस उभे राहिले. त्याच खोऱ्यांतील खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले. एकाच खोऱ्यांतील दोन देशमुख दोन दिशांस गेले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मावळे आरंभापासून एकदिलाने उठले, असें चित्र लोकप्रिय आहे. कागदांतील चित्र अधिक अवघड, आणि म्हणूनच कान्होजींच्या निष्ठेस अधिक मोल देणारें आहे.

४. रोहिरेश्वराचें पत्र

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. रायरेश्वराच्या शपथेचा आधार म्हणून जो कागद पुढें केला जातो, तो म्हणजे रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभु यांस शिवाजीराजांनीं लिहिलेलें म्हणून प्रसिद्ध असलेलें सन १६४५ चें पत्र. राजवाडे यांनीं तें आपल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या १५ व्या खंडांत छापलें. या पत्राच्या अस्सलतेविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. विशेषतः त्यांतील ‘हिंदवी स्वराज्य’ या शब्दांमुळें कांहींनीं तें पुढें रचलेलें मानलें आहे. तो वाद क्षणभर बाजूस ठेवूं आणि पत्र जसें आहे तसें घेतल्यास त्यांतून काय निघतें तें पाहूं.

पत्राचा प्रसंग असा. दादाजी नरस व त्यांचे वडील यांस विजापूरकरांच्या अंमलदाराकडून दटावणीचें पत्र आल्यानें ते भ्याले आहेत. त्यांस धीर देण्यासाठीं हें उत्तर आहे. खोऱ्यांतील रोहिरेश्वर हें आदिदैवत डोंगरमाथ्यावर, पठारीं, स्वयंभू आहे. त्यानें यश दिलें व पुढेंही देईल. आणि दादाजीपंतांच्या साक्षीनें देवापाशीं जें इमान झालें तें अभंग आहे, असा त्याचा आशय.

यावरून चार गोष्टी ध्यानांत येतात.

पहिली : स्थळाची ओळख. रोहिरेश्वर म्हणजे रोहिडा किल्ल्यावरील देव कीं रायरेश्वर, अशी शंका नांवाच्या साम्यामुळें येऊं शकते. परंतु रोहिड्याचा माथा तटबंदीचा व आटोपशीर आहे, आणि तेथील दैवत रोहिडमल्ल आहे. उघडें पठार व त्यावर स्वयंभू शिवलिंग हें वर्णन रायरेश्वरासच लागू पडतें. तेव्हां पत्रांतील स्थळ हेंच, असें मानण्यास हरकत नाहीं.

दुसरी : या जुळणीनें पत्र अस्सल ठरत नाहीं. येथें पुष्कळांची गल्लत होते. वर्णन स्थळाशीं जुळलें याचा अर्थ इतकाच, कीं लिहिणाराला स्थळ ठाऊक होतें. वतनाच्या भांडणासाठीं बनावट कागद करणारा मनुष्य त्याच खोऱ्यांतील असावयाचा. त्याच्या हातून डोंगराचें वर्णन चुकेल कशाला? भूगोल चुकला तर कागद खोटा ठरूं शकतो. भूगोल बरोबर आला म्हणून तो खरा ठरत नाहीं. अस्सलतेचा निकाल कागद, अक्षर, शिक्का, मायना व भाषा यांवरच लागावयाचा.

तिसरी : पत्रांत इमानाचा उल्लेख आहे, पण करंगळी कापून रक्ताचा अभिषेक केल्याचा नाहीं. सवंगड्यांचा मेळावाही त्यांत नाहीं. इमान आहे तें राजे, देशपांडे पितापुत्र व साक्षीस दादाजीपंत, एवढ्यांचें. परंपरेनें या शपथेच्या मंडळींत कान्होजी जेध्यांसही बसविलें आहे. परंतु करीन्याप्रमाणें शहाजीराजांनीं कान्होजींस शिवाजीराजांकडे पाठविलें तें १६४९ मध्यें. इतकेंच नव्हे, तर १ ऑगस्ट १६४४ च्या आदिलशाही फर्मानांत दादाजी कोंडदेवाविरुद्ध जाणाऱ्या खोपड्यांस सामील होण्याचा हुकूम कान्होजींस केलेला आहे. या कागदांसमोर १६४५ च्या मंडळींत त्यांस बसविणें कठीण जातें.

चौथी : तारखेची गोष्ट. पत्राची तारीख सामान्यतः १७ एप्रिल १६४५ अशी दिली जाते, आणि शपथेचा दिवस म्हणून २७ एप्रिल १६४५ हा साजरा होतो. या दोहोंत बरोबर दहा दिवसांचें अंतर आहे. आणि सतराव्या शतकांत जुन्या व नव्या युरोपीय पंचांगांतील अंतरही नेमकें दहा दिवसांचेंच होतें. शिवजन्माची १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या पद्धतीची असून नव्या पद्धतीनें ती १ मार्च होते, हें वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हां पत्राचा दिवस व शपथेचा दिवस अशा दोन निरनिराळ्या तारखा आपण मानतों, त्या एकाच हिजरी दिवसाचीं दोन रूपांतरें तर नव्हेत ना, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारला पाहिजे. शिवाय पत्र झालेल्या इमानाविषयीं बोलतें, पुढें होणाऱ्या नव्हे. पत्र १७ एप्रिलचें व शपथ २७ एप्रिलची मानली, तर त्या शपथेस या पत्राचा आधार उरतच नाहीं. आणि दोन्ही एकच दिवस मानले, तर तो दिवस पत्र लिहिल्याचा आहे, शपथेचा नव्हे.

५. सीमेवरचें पठार

कागदांचा निकाल असा अर्धवट राहिला, तरी स्थळ मुकें नाहीं. येथें पाणलोटाची गोष्ट कामास येते. पठाराच्या उत्तरेस रोहिडखोरें, दक्षिणेस वाईचा मुलूख, पश्चिमेस जावळीचें रान. हें पठार तिन्हींच्या बेचक्यांत आहे. या तिन्ही बाजू महाराजांच्या हातीं केव्हां आल्या तें पाहावें. जावळी सन १६५६ च्या जानेवारींत घेतली. रोहिड्याच्या दरवाज्यावर फारसी व मराठी लेख आहे, तो त्याच १६५६ सनांतील आदिलशाही अंमलाचा आहे. पुढें रोहिडा महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोगलांस गेला व १६७० मध्यें परत मिळाला. दक्षिणेकडे सातारा १६७३ मध्यें हस्तगत झाला. आणि रायरेश्वराच्या अगदीं पलीकडच्या खिंडीवरचा केळंजा, म्हणजेच केंजळगड, २४ एप्रिल १६७४ रोजीं, राज्याभिषेकास अवघे सहा आठवडे उरले असतां, घेतला गेला.

ज्या माथ्यावर स्वराज्याची शपथ झाली असें आपण म्हणतों, त्याच्या शेजारचा किल्ला शपथेनंतर एकोणतीस वर्षांनीं स्वराज्यांत आला. देवळापासून निघून दिवस मावळण्याच्या आंत ज्या खिंडींत पोहोंचतां येतें, तेथें पोहोंचावयास स्वराज्यास एक पिढी लागली. शपथेची कथा ऐकून स्वराज्य एका क्षणीं जन्मलें असें वाटूं लागतें. या पठारावरून चोहोंकडे पाहिलें म्हणजे तें इंचाइंचानें, मध्यंतरीं गमावून व पुन्हां मिळवून, उभें राहिलें हें कळतें. महाराजांचें मोठेपण यांत उणें होत नाहीं. उलट त्याचें खरें माप येथें लागतें.

शिवाय, कोणत्याही एका ठाण्याच्या नजरेबाहेर असलेला, तीन मुलुखांच्या शिवेवरील असा माथा गुप्त इमानासाठीं सोईचा होता, हेंही कबूल केलें पाहिजे. परंतु सोय म्हणजे पुरावा नव्हे. स्थळ संभव दाखवितें. घटना कागदच दाखवूं शकतो.

या बाबतींत परदेशचा एक दाखला उद्बोधक आहे. स्वित्झर्लंडांत रूटली नांवाचें एक डोंगरी कुरण आहे. ऊरी, श्वीझ व उंटरवाल्डन या तीन खोऱ्यांच्या लोकांनीं तेथें स्वातंत्र्याची शपथ घेतली, अशी त्या देशाची परंपरा आहे. या खोऱ्यांमधील सन १२९१ चा करारनामा उपलब्ध आहे. पण त्यांत त्या कुरणाचें नांव नाहीं. शपथेची कथा प्रथम येते ती सुमारें १४७० मध्यें लिहिलेल्या सार्नेन येथील ‘पांढऱ्या वही’त; आणि सोळाव्या शतकांतील त्शुडी नांवाच्या इतिवृत्तकारानें ती १३०७ सालीं घातली. पुढें सन १८९१ मध्यें सहाशें वर्षांचा उत्सव झाला तो करारनाम्याच्या सालास धरून. तेथील विद्वानांनीं कुरणाचा मान कमी केला नाहीं; परंतु करारनामा एका बाजूस व कथा दुसऱ्या बाजूस ठेवून दोहोंचा अभ्यास केला. आपणांसही हाच मार्ग योग्य होय.

६. समारोप

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा. रायरेश्वर हेंच रोहिरेश्वर, हें स्थलवर्णनावरून मान्य करावें. पत्र वादग्रस्त आहे, व तें अस्सल मानलें तरी त्यांतून निघतें तें देवापाशीं झालेलें एक इमान; त्याची मिती, रक्ताभिषेक व सवंगड्यांची यादी या पुढील काळांतील भरी होत. आणि पठारानें दिलेली खरी साक्ष शपथेची नसून सीमेची आहे.

दगडावर कोरलेली तारीख पुसणें फार कठीण असतें. खिंडीपर्यंत सडक आल्यापासून येथें येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. वाटेंवाटेंनें फलक लागतात, व फलकावर जें लिहिलें जाईल तेंच पुढची पिढी इतिहास म्हणून घरीं नेईल. म्हणून संग्राहकांस नम्र विनंती आहे. रोहिडखोऱ्यांतील देशपांडे व देशमुख घराण्यांच्या शाखा आज पुण्यांत, साताऱ्यास व अन्यत्र पसरल्या आहेत. त्यांच्या घरच्या रुमालांत या देवाच्या पूजेची सनद, दिवाबत्तीचें इनाम, शिवेचा महजर, जंगमांच्या हक्कांचा निवाडा असा एखादा कागद असेल, तर तो वरवर क्षुल्लक दिसला तरी टाकूं नये. शपथेविषयीं एक शब्दही नसलेला, पण देवाचें नांव, गांवची शीव व मिती स्पष्ट असलेला कागद येथें अधिक उपयोगी आहे. कारण असा कागद कोणाचा अभिमान पोसण्यासाठीं लिहिलेला नसतो. मूळ बंद फाडून वेगळे करूं नयेत, पाठीवरचे शेरे व शिक्के झांकतील असा डिंक लावूं नये, आणि नक्कल करतांना मिती आहे तशीच उतरवावी. इंग्रजी तारखेंत फिरविल्यास जुनी पद्धति कीं नवी तें शेजारीं लिहावें. दहा दिवसांच्या एका फरकानें केवढा गोंधळ होऊं शकतो, तो वर दाखविलाच आहे.

कारीच्या वाड्यांतील चार बंदांनीं शिवजन्माची मिती दिली. त्याच डोंगराच्या माथ्याविषयींचा निर्णयही अशाच एखाद्या घरांतील कागदावर अवलंबून आहे. तोंपर्यंत रायरेश्वरावर जाणाऱ्यानें शिडी चढून वर जावें, गोमुखाचें पाणी प्यावें, देवास नमस्कार करावा आणि उत्तर व दक्षिण अशीं दोन्ही खोरीं डोळे भरून पाहावीं. दोहोंमधल्या त्या सीमेविषयींच हें पठार खात्रीनें बोलूं शकतें.